विजयी अथवा मृत

भारतीय फौजा गोव्यात शिरल्या त्या १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे मुळगावच्या एका अंगाला असलेला डिचोलीचा आणि दुसऱ्या अंगाला असलेला अस्नोड्याचा, असे दोन्ही पूल माघार घेणाऱ्या पोर्तुगीज शिबंदीने स्वहस्ते उडवून दिले. नव्या काबिजादीतील, म्हणजे गोव्याच्या मागाहून जिंकलेल्या मुलखातील, रयतेसाठी पोर्तुगीज सरकारने केलेले हे बहुधा अखेरचे सार्वजनिक काम. चारच दिवसांपूर्वी लिस्बनहून पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझारसाहेबांचे फर्मान सुटले होते की शरणागती नामंजूर, सैनिक एकतर विजयी असावेत नाहीतर मृत. आणि हा वीररस हजारो कोसांवर आरामखुर्चीत बसलेल्या अर्थशास्त्राच्या वृद्ध प्राध्यापकास जितक्या सहजतेने स्फुरतो, तितका विमानाविना लढणाऱ्या शिपायास स्फुरत नाही. गोव्यातल्या शिबंदीने रणगाडाविरोधी दारूगोळ्यासाठी सांकेतिक शब्दांत ‘शोरिस’ मागवले, तर तिकडून खरोखरीच मांसाचे शोरिस रवाना झाले, अशी आख्यायिका आहे. उपाशीपोटी मरण येऊ नये एवढी दक्षता तरी दरबाराने घेतली म्हणायची. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी १९ तारखेच्या रात्री शरणपत्रावर सही करून तीन हजारांवर शिपायांचे प्राण वाचवले, आणि या अक्षम्य सुज्ञपणाबद्दल १९६३ साली सैन्यातून बडतर्फी पत्करली. सालाझारसाहेब मात्र १९६८ मध्ये आजारपणाने पदच्युत झाल्यावरही, भोवतालच्या मंडळींच्या मेहेरबानीने, १९७० साली मरेपर्यंत आपणच राज्य हाकतो आहोत अशा समजुतीत होते.