मंडपातला सेंद्रिय शेतकरी

कळमनुरी तालुक्यात कोठेही सेंद्रिय शेतीचा मंडप उभा राहिला, मग तो तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात असो की एखाद्या शाळेच्या पटांगणात असो, फीत कापण्यापूर्वी, किंबहुना फीत कापावयाची कात्री कोठे ठेवली याचा शोध चालू असतानाच, जो गृहस्थ नावनोंदणीच्या वहीत पहिल्या ओळीवर स्वाक्षरी करून कापडी पिशवी हस्तगत करतो, तो या व्यक्तिचित्राचा विषय होय.

त्याचे वय साठीच्या अलीकडे-पलीकडे असते आणि पेन्शन नियमित असते. निजामी अमदानीत त्याचे आजोबा तहसिलीत अहलकार होते. त्यांच्याकडून त्याला वारसाहक्काने दोन गोष्टी प्राप्त झाल्या आहेत, एक कयाधूकाठची सहा एकर काळी जमीन आणि दुसरी दफ्तराविषयीचे ममत्व. पैकी जमीन त्याने बटईने दिली आहे; दफ्तर मात्र तो स्वतः कसतो. मेळ्यात मिळालेले माहितीपत्रक तो वाचतो असे नव्हे, तो ते दाखल करून घेतो. गांडूळखत, निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, हिरवळीची खते असे त्याचे निरनिराळे बस्ते आहेत, आणि त्यांतला हळदीच्या कंदकुजीचा बस्ता तर इतका फुगला आहे की कपाटाचे दार लावण्याचा नाद घरच्या मंडळींनी केव्हाच सोडून दिला.

त्याची विद्वत्ता बनावट नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. 1924 ते 1931 या काळात हॉवर्डसाहेबाने इंदूर येथे कंपोस्टची पद्धत कशी सिद्ध केली, हे तो अशा तपशिलाने सांगतो की शेण कालवणारांत हा स्वतः धोतर खोचून उभा असावा असे श्रोत्यास वाटावे. जपानच्या फुकुओकांनी नांगरणीच वर्ज्य केली, ही गोष्ट तर त्याला मनापासून पटलेली आहे. नांगर न धरण्याच्या बाबतीत तो फुकुओकांच्याही पुढे गेला आहे. जीवामृताची कृती त्याला मुखोद्गत आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ही कृती तो बहुधा बचत गटाच्या एखाद्या बाईला ऐकवतो, जिची बोटे हळद शिजवून, वाळवून, दळून पिवळीधमक झालेली असतात आणि जिच्या घरी जीवामृताचे पिंप भरलेले असते. ती सगळे शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी एवढेच विचारते, "काका, तुमच्याकडं गाय कोणती हाय?"

गाय हे त्याचे मर्मस्थान. परंतु कायदेशीर बाबतीत अहलकाराचा नातू सहसा हार जात नाही. एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, असे सुभाष पाळेकरांचे प्रतिपादन आहे. त्या हिशेबाने सहा एकरांस गाईचा पाचवा हिस्सा पुरेसा होतो. आणि पाचवा हिस्सा विकणारा व्यापारी कोणत्याही गुरांच्या बाजारात आजवर आढळलेला नाही. सबब गाय नाही. या निकालावर अपील चालत नाही.

चर्चासत्रात ध्वनिक्षेपक त्याच्या हाती गेला की व्यासपीठावरील तज्ज्ञ घड्याळ पाहतात. "माझा प्रश्न नाही, एक छोटंसं निवेदन आहे," अशी त्याची सुरुवात असते, आणि निवेदन गांडुळाच्या जीवनक्रमापासून निघून मातीच्या सेंद्रिय कर्बापर्यंत पोहोचते, तोवर मागल्या रांगांतले खरे शेतकरी चहाकडे गेलेले असतात. त्यांची गुरे वाट पाहत असतात; याच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे एकही जनावर नाही, हा त्याचा मोठाच लाभ.

सेंद्रिय प्रमाणीकरणात हंगामी पिकांसाठी दोन वर्षांचा आणि बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरतात. आमचे गृहस्थ बहुवार्षिकांतले असूनही त्यांचा संक्रमणकाळ निवृत्तीच्याही आधीपासून चालू आहे. त्यांच्या वावरात मात्र दर खरिपाला 45 किलोच्या युरियाच्या गोण्या बिनदिक्कत उतरतात आणि कृषी सेवा केंद्राच्या खात्यावरची अर्धी उधारी त्यांच्या नावे पडते. कोणी ही विसंगती निदर्शनास आणलीच, तर उत्तर तयार असते: "2015 पासून युरियाला कडुनिंबाचं तेल लावतात, ठाऊक आहे? तेवढा भाग तर आपलाच झाला की!"

परभणीच्या कृषी विद्यापीठाची वारी तो कधी चुकवीत नाही. 18 मे हा विद्यापीठाचा 1972 मधील स्थापनेचा दिवस, त्या दिवशी खरिपाचा मेळावा. 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिदिन, त्या दिवशी रब्बीचा. परवाच्या मंडपात उसाच्या रसाच्या गाड्याशी त्याचा बटईदार त्याला भेटला. गडी सकाळी वावरात पाणी देऊन आला होता आणि पायाला चिखल तसाच होता.

"मालक, अठरा तारखेला परभणीला जाणारच असाल. हळदीच्या बेण्याला बायोमिक्स आणता का तिथून? मागल्या साली लई सड लागली. निम्मे पैसे म्या देतो."

गृहस्थांनी रसाचा पेला संपवला, ओठ पुसले आणि कंदकुजीचे सगळे दफ्तर ज्याच्या कपाटात आहे अशा माणसास शोभेल इतक्या गांभीर्याने प्रकरणाचा विचार केला.

"एवढ्या उन्हातान्हात ओझं कोण वाहणार बाबा? यंदा निभावून ने. हवं तर युरियाची एक गोणी वाढव."

आणि माहितीपत्रकांनी भरून जड झालेली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन ते गांडूळखताच्या दालनाकडे लगबगीने वळले. तेथे दुसरी पिशवी मिळते, अशी खात्रीलायक वार्ता त्यांच्या कानी आली होती.