आरसी कुणाच्या नावावर?

मिरजकर तिकटीजवळच्या टपरीवर गेल्या रविवारी काठमांडूचा बेत ठरला. चार मित्र, एक गाडी, दोन हजार किलोमीटरच्या पुढचा रस्ता. ठरायला वेळ किती लागला? चहा गार व्हायच्या आत.

‘‘तीन दिवसांत पोचतोय. काय विषय नाही.’’

विषय आहे.

पोरं आमच्याच मंगळवार पेठेतली, स्टेअरिंगवर हात बसलेली. यादीही त्यांनी केलेली होती, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं. छतावरचं कॅरिअर, हवेचा पंप, फॉग लॅम्प, दोन किलो भडंग, कांदा-लसूण चटणीचा डबा आणि मागच्या काचेसाठी ‘कोल्हापूर ते काठमांडू’ची पट्टी. पट्टीची ऑर्डरसुद्धा गेलेली. कागदपत्रांची ओळ मात्र यादीत कुठंच नाही.

मी विचारलं, आरसी कुणाच्या नावावर? एकानं पाकिटातून कार्ड काढलं. पाकिटात घासून घासून अक्षरं पुसट झालेली. उजेडात तिरकं धरलं तेव्हा नाव लागलं. वडिलांचं. वडील या बेतात नाहीत आणि बेत त्यांच्या कानावरही गेलेला नाही.

सीमेवरचा माणूस पट्टी वाचत नाही. कार्ड वाचतो.

हे कोल्हापूरकरानं तरी विसरू नये. सीमा काय असते हे आपल्याला पुस्तकातून कळलेलं नाही. कागल सोडलं की कर्नाटकाचा कोगनोळी नाका. २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, त्याच नाक्यावरून आरटीपीसीआरचा कागद नसलेल्या गाड्या माघारी फिरवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादात बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले, एसटी थांबली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबली. निपाणीला लग्नाला निघालेला माणूस स्टँडवर बसून राहतो. देश एक, रस्ता एक, दोन्हीकडं मराठी बोलणारी माणसं, तरीही. मग परक्या देशाच्या दारात नुसत्या ‘काय विषय नाही’वर कसं भागेल?

नेपाळ आपल्याला सोपा आहे, हे खरं. १९५० च्या करारापासून ये-जा खुली आहे. व्हिसा लागत नाही. गाडीही डावीकडूनच चालवायची. सोपं वाटतं म्हणूनच माणूस गाफील निघतो.

आधार कार्ड घेऊन निघालात? आपल्याकडं ते सिमकार्डापासून रेशनपर्यंत चालतं. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधारची सवलत पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या पुढच्यांना. चौघांपैकी दोघांकडं पासपोर्ट नाही. मतदार ओळखपत्र?

‘‘घरात असंल कुठंतरी.’’

कुठंतरी म्हणजे कुठं, ते आज शोधा.

सीमेवरची सोनौली ओलांडली की पलीकडं बेलहिया. तिथं भन्सार, म्हणजे नेपाळचं जकात कार्यालय. गाडीचा परवाना तिथं दिवसांच्या हिशेबानं मिळतो. किती दिवस राहणार ते आधी सांगायचं, तेवढे पैसे भरायचे, जास्त राहिलात तर दंड. मूळ आरसी, लायसन्स, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतिपत्र. मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका. दोन हजार किलोमीटर माघारी येऊन वडिलांची सही घेणार का?

विम्याचा कागद तरी कुणी शेवटपर्यंत वाचलाय? पॉलिसीची हद्द भारतापुरती असते. सोनौलीच्या पलीकडं बंपर घासला तर खर्च खिशातून. माणूस जखमी झाला तर घर गहाण. यावर तोड आहे आणि ती जुनी आहे: जादा हप्ता भरला की ही हद्द नेपाळपर्यंत वाढवून मिळते. मागणारे थोडे, म्हणून सांगणारेही थोडे. एजंटला तुम्हीच विचारा, आणि वाढवून दिलेला कागद हातात आल्याशिवाय निघू नका.

पैशाचं थोडक्यात. आपला रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे. १९९३ पासून हा दर बांधलेला आहे. शंभरच्या वरच्या आपल्या नोटांवर नेपाळनं २०१८ मध्ये बंदी घातली, पुढं नियम बदलत राहिले. निघायच्या आठवड्यातला नियम बघा आणि शंभरच्या नोटांची गड्डी जवळ ठेवा. फास्टॅग सोनौलीपर्यंतच. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा.

आता त्या तीन दिवसांकडं येऊ. मला राग येतो तो इथं.

नकाशावर बोट ठेवायचं, ॲप सांगतं ते तास मोजायचे, चार ड्रायव्हर आहेत म्हणून रात्रंदिवस चालवायचं, हा म्हणे बेत. याला बेत म्हणायचं? ॲपला झोप येत नाही. ॲपची पाठ दुखत नाही. पहाटे साडेतीनला समोरचा ट्रक दिवे न लावता उभा आहे, हे ॲपला दिसत नाही.

बेत मुक्कामापासून सुरू होतो. संध्याकाळी सहाला कुठं टेकायचं ते आधी ठरवा, रस्ता आपोआप ठरतो. मी त्याच पानावर, पट्टीच्या ओळीखाली लिहून दिलं. पहिला दिवस सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर करत नांदेड. वाटेत भवानीचं दर्शनही होतं. दुसरा दिवस यवतमाळ, वर्धा, नागपूर करून सिवनी. नागपूरच्या पुढं पेंचचं जंगल लागतं. जनावरांना खालून जाता यावं म्हणून तिथं महामार्ग खांबांवर उचलून घेतलाय. तो पट्टा उजेडातच बघावा. तिसरा दिवस जबलपूर करून रीवा. चौथा प्रयागराजवरून गोरखपूर. पाचव्या दिवशी सकाळी सोनौली, भन्सारच्या रांगेला दुपारपर्यंतचा वेळ, आणि मुक्काम लुंबिनीत. बुद्धाच्या जन्मगावावरून हॉर्न मारत पुढं जायचं असेल तर घरीच थांबा. सहावा दिवस नारायणगढ. सातव्या दिवशी काठमांडू.

‘‘सात दिवस? नुसतं जायला?’’

हो. जाणं म्हणजेच सहल. पोचल्यावर तर हॉटेलच असतं.

शेवटचा टप्पा छोटा. नारायणगढ ते मुग्लिंग छत्तीस किलोमीटर, पुढं काठमांडू एकशे दहाच्या आसपास. आपल्या हायवेच्या हिशेबानं नाष्टा आणि जेवण यांच्यामधलं अंतर. पण एका अंगाला ठिसूळ डोंगर आणि दुसऱ्या अंगाला त्रिशूली.

१२ जुलै २०२४. याच छत्तीस किलोमीटरमध्ये, सिमलताल इथं, पहाटेच्या अंधारात दरड आली आणि दोन बस नदीत गेल्या. साठहून अधिक माणसं होती.

बरोबर सहा आठवडे गेले. २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात आंबूखैरेनीजवळ मर्स्याङ्दी नदीत कोसळली. दिवसाउजेडी. बसमध्ये आपली माणसं होती, जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळकडची. देवदर्शनाला गेलेली. पंचवीसहून अधिक गेले. विमानानं मृतदेह परत आणावे लागले.

ही बातमी आपण दोन दिवस वाचली आणि विसरलो. जळगावच्या त्या घरांतली माणसं विसरली नसतील.

म्हणून पावसाळ्यात जायचं नाही, हे पहिलं. पोरांनी ठरवलेला महिना कुठला? ऑगस्ट. का? सलग सुट्ट्या आहेत. सुट्टी बघून दरड थांबते का? दसऱ्यानंतर निघा. आकाश धुतलेलं असतं, हिमशिखरं दिसतात. आणि नारायणगढच्या पुढं अंधारात गाडी काढायची नाही, कुणी कितीही फुशारकी मारली तरी.

रिकामा दिवस यादीत ठेवलाय? नाही ठेवलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुण रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सरकार गेलं. विमानतळ बंद, संचारबंदी, सीमेवर गाड्यांच्या रांगा. सोमवारी हजर व्हायचंच आहे म्हणून निघालेल्या माणसानं अशा वेळी काय करायचं? दोन दिवस कोरे सोडा. ते वापरले गेले नाहीत तर पोखरा आहेच.

पोरांतला एक म्हणाला, पुढच्या वर्षी लंडन. जरूर जा. पण तिथं नुसत्या संमतिपत्रावर भागत नाही. गाडीचाच पासपोर्ट लागतो, त्याला कार्ने म्हणतात. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून काढायचा, आणि गाडी परत आणीन याची हमी म्हणून भक्कम रक्कम अडकवून ठेवायची. चीनमधून जायचं तर सोबत तिथला वाटाड्या सक्तीचा. २०२५ मध्ये मुंबईचा एक तरुण मोटारसायकलवरून सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोचला आणि नॉटिंगहॅमच्या एका बागेबाहेर भर दिवसा त्याची गाडीच चोरीला गेली. पासपोर्ट गाडीवरच्या सामानात होता.

पासपोर्ट अंगावर ठेवायचा. गाडीत नाही, बॅगेत नाही, अंगावर.

बुधवारी संध्याकाळी पोरं पुन्हा टपरीवर भेटली. पान तेच, पण ऑगस्ट खोडून नोव्हेंबर केलेला. सात मुक्काम लिहिलेले, शेवटी दोन कोरे चौकोन. फॉग लॅम्प कापलेला, त्या पैशात विम्याची हद्द वाढवायची. दोन मतदार ओळखपत्रं सापडली, एक आईच्या ट्रंकेत, एक गॅसच्या पुस्तकात.

आणि संमतिपत्र?

आणलं नव्हतं. वडिलांनी सही करायला नकार दिला. गाडी माझी, ती पशुपतिनाथाला निघाली आणि मी घरात बसू काय, म्हणाले. अडुसष्ट वय आहे त्यांचं, म्हणजे त्यांना आधार कार्डही चालतं. मागची मधली सीट त्यांना नको आहे. पुढं बसणार.

शिवाय नांदेडला एक दिवस वाढवा म्हणालेत. गुरुद्वारा बघायचा राहिलाय.