बार्बाडोसला जायचंय!

रत्नागिरीत भाट्याच्या पुलाजवळ राहणाऱ्या एका काकांनी यंदा सहकुटुंब बार्बाडोसला जायचं ठरवलंय. कारण काय, तर तिथे समुद्र आहे. पांढरी वाळूही आहे म्हणे. रत्नागिरीत पांढरा समुद्र नावाचा किनाराच आहे, पण तिथे रिक्षानं जाता येतं. मग जाऊन आल्याचं सांगायचं कोणाला?

खाण्यापिण्याची काळजी नको. आंबा बार्बाडोसप्रमाणेच कॅरिबियनमधल्या जमैकात १७८२ मध्येच पोचला, इंग्रजांनी पकडलेल्या फ्रेंच जहाजातून. नीरफणस कॅप्टन ब्लायनं १७९३ मध्ये ताहितीहून नेला. नारळही तिथे बाहेरूनच गेलेला. म्हणजे मुंबई-लंडन करत अर्ध्या जगाला वळसा घालायचा आणि ताटात नीरफणसाच्या कापा वाढून घ्यायच्या! काकूंनी तरी मेतकूट आणि आमसुलं बॅगेत भरलीच आहेत.

समुद्रकाठच्या मुक्कामाचं म्हणाल, तर ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये ह्याच रत्नागिरीत आणून ठेवलं. राहणं सरकारी खर्चानं, मुक्काम मरेपर्यंत. अर्थात, ती शिक्षा होती.

राहता राहिल्या तारखा. एप्रिल-मेमध्ये कलमांखालून हलता येत नाही, गणपतीत घर सोडता येत नाही; म्हणून जुलै ठरला. तिकडे जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम असतो. वारा-पाऊसच बघायचा तर मांडवीच्या बंधाऱ्यावर तो जुलैत फुकट मिळतो.

तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा काकांना यातलं काही सांगू नका.