स्वस्तात गाडी मिळवलेल्या पर्यटकास अनावृत पत्र

सन्माननीय पर्यटक महोदय,
मुक्काम मुंबई, ठाणे, पुणे किंवा वडखळ नाक्यावर जिथे अडकला असाल तिथे,

स. न. वि. वि.

अलिबागच्या दोन दिवसांच्या सहलीसाठी आपण भाड्याची गाडी निम्म्या दरात पटकावलीत, ही बातमी आम्हा किनारावासीयांपर्यंत आपल्या आधी येऊन पोहोचली. पोहोचायचीच. सोसायटीच्या वॉचमनपासून पेणच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना आपण ती सांगत आला आहात. मी विचारलं नव्हतं, असं चहावाला म्हणतो. असो. अभिनंदन करायचं तर ते मुद्देसूद करावं, म्हणून हे पत्र.

व्यवहार कसा जमला तेही कानावर आलं. रात्री जेवणं आटोपल्यावर आपण तीन ॲपं उघडून दर ताडून पाहिलेत. शनिवार-रविवारी भाडं चढतं आणि मंगळवारी उतरतं, हा शोध लावलात. सहल मंगळवारी नेणं जमेना, तेव्हा शनिवारी मंगळवारचा दर मिळायला हवा असा आग्रह धरलात. ॲपं ऐकेनात. शेवटी साडूच्या मित्राकडून एका गृहस्थांचा नंबर मिळाला. हे गृहस्थ गाडी ‘चालवायला’ देतात. ॲपपेक्षा दीड हजारांनी स्वस्त, डिपॉझिट रोख, पावती नाही. आणि गाडीची नंबरप्लेट पांढरी.

त्या प्लेटकडे आपण पाहिलंत, पण ती स्वच्छ आहे एवढंच पाहिलंत. पांढऱ्यावर काळे आकडे ही खासगी गाडीची खूण. पिवळ्यावर काळे आकडे असले की टॅक्सी. स्वतः चालवण्यासाठी परवाना घेऊन भाड्याने दिलेल्या गाडीची प्लेट काळी असते, आकडे पिवळे. सरकारने 1989 साली ‘रेंट अ कॅब’ योजना आणली तेव्हा परवाना मागणाऱ्याकडे निदान 50 गाड्या हव्यात, अशी अट घातली होती. आपल्या गृहस्थांकडे एक आहे, आणि तीही मेहुण्याच्या नावावर. पण कायद्यात मेहुण्यांचा विचार केलेला नसतो, त्याला गृहस्थ तरी काय करणार?

किल्ली देताना त्यांनी बजावलं, पोलिसांनी हात केलाच तर ‘मित्राची गाडी आहे’ म्हणायचं. मित्राचं आडनाव आयत्या वेळी आठवेना झालं तर पंचाईत, म्हणून आपण ते फास्टॅगच्या खाली चिठ्ठीवर लिहून ठेवलंत. ओळख कालची, डिपॉझिट दहा हजारांचं, आणि मैत्रीची मुदत शनिवार सकाळी सात ते रविवार रात्री दहा. त्यानंतर मैत्रीला तासावर दंड. खासगी गाडीच्या विम्यात वापराची मर्यादा लिहिलेली असते आणि भाड्याने देणं त्या मर्यादेत बसत नाही. गाडी ठोकली तर तिच्या नुकसानीचा दावा फेटाळायला विमा कंपनीला आयतं कारण सापडतं. मग दुरुस्तीचं बिल कोण भरणार? मित्रच की.

आता जरा भूगोल. गाडीचं भाडं ॲप ठरवतं, असा आपला समज आहे. आमच्याकडे ते खाडी ठरवते. उत्तरेकडून मोजायला लागा: धरमतरची खाडी, मग रेवदंड्याला कुंडलिकेची, मुरुडपुढे राजपुरीची, आणि आमचा जिल्हा संपतो तिथे सावित्रीची, म्हणजे बाणकोटची. गेटवेवरून बोटीत बसलं की तासाभरात मांडवा. तेच मुंबईहून अलिबाग गाडीने गाठायचं तर धरमतरच्या खाडीला वळसा घालून शंभरेक किलोमीटर. रेवदंड्याची खाडी साळावच्या पुलावरून ओलांडता येते. मुरुडच्या पुढे दिघी समोर दिसते, पण मध्ये पाणी. आगरदांड्याला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, मिळाली तर गाडीसकट वीसेक मिनिटांत पलीकडे, नाही तर म्हसळ्याकडून लांबचा फेरा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून रत्नागिरी जिल्ह्यात शिरायचं म्हटलं तर बागमांडल्याहून वेश्वीला पुन्हा जंगलजेटी.

आपल्या स्वस्त भाड्यात ठरावीक किलोमीटर धरलेले असतात. त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरचा दर करारात कुठे तरी बारीक अक्षरांत असतो. आपला करार तोंडी असल्यामुळे तो गृहस्थांच्या लक्षात असतो. एक जंगलजेटी चुकली की दीड हजारांची बचत म्हसळ्याच्या घाटात संपते, आणि तिथे रेंजही नसते, म्हणजे कुणाला सांगताही येत नाही.

ड्रायव्हरसकट गाडी करणाऱ्यांनी हसू नये. टूरिस्ट गाडीवाले बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरतात, वर ड्रायव्हरचा भत्ता. मुंबई-अलिबाग जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास, त्यात नागाव-चौलच्या चकरा घाला. दोन दिवसांचे सहाशे किलोमीटर मोजून आपण त्यातले निम्मेही वापरत नाही. राहिलेले किलोमीटर डब्यात भरून घरी नेता येत नाहीत. पेढे नेता येतात.

खाड्यांवर पूल नाहीत का, असं आपण मागे चहा पिताना विचारलं होतंत. आहेत, येत आहेत, येणार आहेत. बॅरिस्टर अंतुले 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले. ते म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे, त्यामुळे खाडी म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. कोकण किनाऱ्याचा सागरी मार्ग आणि रेवस-कारंजा पूल ही त्यांच्या काळातली स्वप्नं. त्या पुलाच्या भरवशावर ज्यांनी जमिनी घेतल्या, त्यांची नातवंडं आता त्या विकतायत, आणि जाहिरातीत पुलाचा उल्लेख अजून ‘लवकरच’ असा असतो.

मुंबईच्या बाजूला मात्र काम झालं. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, लांबी 21.8 किलोमीटर, मोटारीला एका खेपेचा टोल 250 रुपये. शिवडीला चढायचं आणि गाणं संपायच्या आत चिर्ल्याला उतरायचं. तिथे वाचलेला वेळ वडखळच्या कोंडीत सव्याज परत करण्याची सोय आहे. पनवेल ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा टप्पा 2011 पासून रुंद होतोय. इतकी वर्षं रुंद होत राहिलेला रस्ता एव्हाना सह्याद्रीला टेकायला हवा होता. तासाच्या हिशेबाने घेतलेली गाडी रांगेत उभी राहिली तरी तास खातेच, एसी चालू असल्यामुळे पेट्रोलही खाते. आपण मात्र खिडकी खाली करून शेजारच्या गाडीवाल्याला भाडं विचारलंत. त्याने आपल्यापेक्षा जास्त दिलेलं निघालं. तेवढंच समाधान.

गाडी अलिबागच्या पुढे वाड्यांतल्या रस्त्यांवर आली की आणखी एक हिशेब चुकतो. आपण सात आसनी मोठी गाडी घेतलीत, कारण छोटीपेक्षा ती फक्त पाचशे रुपयांनी महाग पडत होती. आक्षी, नागाव, चौलच्या आतल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी गडगे आहेत. त्या वाटा आमच्या पणजोबांनी बैलगाडी जाईल एवढ्या बेताने सोडल्या. समोरून मिनीडोर रिक्षा आली की एकाला मागे जावं लागतं. मिनीडोरवाला मागे जात नाही, तो आधीपासूनच तिथे आहे. उलटं घेताना उजवा आरसा गडग्याला घासला आणि तो आवाज आम्ही पोफळीखाली उभं राहून ऐकला. त्यानंतर थोडा वेळ गाडीतलं कुणीच बोललं नाही.

आता किनारा. ‘अलिबागसे आया है क्या’ हे बावळटाला उद्देशून म्हणायचं वाक्य आपल्याला ठाऊक असेल. 2019 मध्ये आमच्यातल्या एकाने त्यावर बंदी आणावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयाने ती फेटाळली. बरंच झालं. सुट्टीच्या दिवशी वाळूत रुतलेल्या गाड्यांचे नंबर वाचत किनाऱ्यावरून चाललं की हे वाक्य आम्हालाच उलट दिशेने वापरता येतं. त्या नंबरांत आमच्या जिल्ह्याचा एमएच 06 अगदी क्वचित असतो.

डिसेंबर 2024 च्या अखेरीला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली. ढकलून झालं, निघेना. शेवटी बैलगाडी आणली, दोर बांधला आणि बैलांनी फेरारी बाहेर काढली. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आम्हाला नवल वाटलं ते गाडीच्या किमतीचं, रुतण्याचं नाही. बैलांना दोन्हीचं नव्हतं.

आपली गाडी फेरारी नाही, हा आपला युक्तिवाद मान्य. पण ओली वाळू ब्रँड पाहत नाही. आपण गाडी पाण्याच्या कडेला लावलीत, बोनेटवर बसून फोटो काढलेत आणि शहाळं प्यायला वर आलात. भाडं कोणत्या दिवशी कोणत्या तासाला चढतं हे आपल्याला तोंडपाठ, पाणी कधी चढतं हे मात्र विचारलं नाहीत. ते काढायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि भरती दिवसातून दोनदा. थोडं मागेपुढे होतं, पण गाडी काढायला तेवढा अंदाज पुरतो. कुलाबा किल्ल्यात माणसं नेणारा टांगेवाला हे गणित घोड्याला दाणा घालता घालता करतो. आपण उतरलात ती पंचमी होती, पावणेचारला पाणी येणार होतं, आणि शहाळ्याच्या दरावर आपली घासाघीस चालली होती साडेतीनला.

पाणी कधी इंजिनात शिरलंच तर एक कृपा करा, स्टार्टर मारून बघू नका. पाण्यासकट इंजिन फिरवलं की आतून मोडतं, आणि ते नुकसान नेहमीच्या विम्यात भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिनाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. काळ्या प्लेटच्या रीतसर गाडीची कंपनीसुद्धा वाळूत घातलेल्या गाडीची जबाबदारी सहसा घेत नाही. आपल्या मित्राने तर पुरवणी हा शब्द शाळेच्या परीक्षेनंतर ऐकलेला नसावा.

आता पैसे खरोखरच वाचवायचे असतील तर सांगतो. गेटवेवरून मांडव्याला कॅटामरान घ्या, तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते. अलिबागहून नागाव, रेवदंड्याला मिनीडोर आहे, एसटी आहे. बोट नको असेल तर पनवेलहून विनाथांबा एसटी पकडा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट, आणि 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना त्याच्या आधीपासून प्रवास फुकट. आपल्याकडे वहिनी, दोन मुली आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. एवढी मोठी सवलत आपण रात्रभर शोधत होतात आणि ती पनवेलच्या फलाटावर उभी होती. उतरल्यावर दिवसभरासाठी इथलीच रिक्षा ठरवा. तिच्या चालकाला भरतीची वेळ पाठ असते आणि कुठल्या गडग्यापाशी किती जागा सुटते तेही.

दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं असेल तर गाडी हवी, हे कुणीही कबूल करेल. मग काळ्या प्लेटची घ्या, किलोमीटरची मर्यादा आणि विमा वाचा, गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, स्टेपनीत हवा आहे का पाहा. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, तीत गाडी चढवलीत तर वडखळ टळतं. गाडीचं तिकीट वेगळं, ते भाड्यात धरा, आणि करारात बोटीला मनाई नाही ना तेवढं बघा. हे सगळं करून भाडं इतरांपेक्षा जास्त झालं तर शेजाऱ्यांना कमी सांगा. कोण पावती मागणार आहे?

एक राहिलं. परतताना आपण पांढऱ्या कांद्याच्या माळेवर वीस रुपये कमी करून घेतलेत. या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. विकणाऱ्या काकूंनी वीस रुपये सोडले, कारण आपल्या गाडीचा उजवा आरसा त्यांनी आधीच पाहिला होता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अलिबागचा एक रहिवासी

ता. क. बैलगाडीवाल्यांचा दर काय, असं आपण फोनवर विचारलंत. ठरलेला असा नाही. पाणी चाकाच्या निम्म्यावर असताना एक असतो, दरवाजाला लागलं की दुसरा. घासाघीस करायची असेल तर ओहोटीला या.