घड्याळावरचा अंगठा

आमचं परडं आणि अण्णांचं परडं यांच्यामध्ये निरगुडीचं कुंपण आहे. एका जागी ते बसलंय. तिथून वाटीभर विरजण, चार मिरच्या आणि गावातली खबर इकडची तिकडं होते. आषाढात लावणी उरकली आणि पावसानं दोन तास उघडीप दिली की आमच्या वडिवळे गावातली माणसं अंगणात दिसायला लागतात. एके दिवशी तशीच उघडीप होती. मी ओले कपडे दुसऱ्यांदा वाळत घालत होते, तेवढ्यात अण्णांच्या घरच्या काकू कुंपणाशी आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बाई, आज अण्णांना काय बोलू नगा."

"का हो?"

"नातीनं कायतरी इचारलं. दोन दिस झालं, भाकरी खात्यात आन् गोठ्यात जाऊन बसत्यात."

नात पुण्याला एम.पी.एड. करते. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकली. यंदा तिला खेळातली नीती असा एक पेपर होता. मला आधी हसूच आलं. आमच्या वेळी खेळाचा तास म्हणजे एक चेंडू आणि शिट्टी. नीती मूल्यशिक्षणाच्या तासाला. पण तिच्या सरांनी सांगितलं होतं, आपल्या मुलखातला एक खेळ घ्या आणि त्यात न्याय कुठं अडतो ते शोधा. तरी वर्गातल्या बऱ्याच जणांनी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग धरला. ही कामशेतला लोकलनं उतरली ती वही घेऊन थेट अण्णांच्या ओट्यावर.

पहिल्या संध्याकाळी विषय कुस्तीचा निघाला. तो निघणारच. २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीच्या मैदानात शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, तो व्हिडिओ आमच्याकडं दूधवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलाय. पंचांनी पृथ्वीराज मोहोळच्या बाजूनं चितपट दिली. राक्षेचं म्हणणं, खांदे टेकलेच नव्हते. पुढं अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. मोहोळ केसरी झाला, राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. आता राक्षे खेडचा, मोहोळ मुळशीचा, आणि आपलं मावळ दोघांच्या मधोमध. सोयरीक दोन्हीकडं. त्यामुळं ओट्यावर दोन तट पडले आणि चहा दोनदा टाकावा लागला.

अण्णा मात्र खाशाबांवर आले. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. खाशाबा जाधवांची जपानच्या इशीईबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्लापुढं त्यांना उभं केलं. नियमानं अर्धा तास विसावा मिळायला हवा होता, पण तो मागायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेला गडी हरला आणि कांस्य घेऊन गोळेश्वरला परतला.

"त्यांनी मारली का कुणाला लाथ?" अण्णा म्हणाले.

नात म्हणाली, "नाही मारली. पण अण्णा, अन्याय गिळला म्हणून तो न्याय झाला का?"

मी मनात म्हटलं, पोरगी शिकली. गप्प बसणाऱ्याचं कौतुक करायची आपल्याला फार सवय आहे, त्यात चूक करणाऱ्याची सोय होते.

मग पैलवान नरसिंग यादवचं झालं. रिओ ऑलिंपिकच्या वेळी २०१६ साली शरीरात बंदीचं औषध सापडलं, तो म्हणाला खाण्यात कुणीतरी कालवलं. इथल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, नाडानं त्याचं मानलं, क्रीडा लवादानं मानलं नाही आणि कुस्तीच्या तोंडावर चार वर्षं बाहेर बसवलं. तिनं सांगितलं, नियमच असा आहे की शरीरात जे सापडेल त्याचा जाब खेळाडूलाच. काकूंना हे मुळीच पटलं नाही. "म्हंजी जेवण करणारीनं मीठ जास्त टाकलं तरी खाणाराच गुन्हेगार?" याला उत्तर कुणाकडंच नव्हतं.

इथवर ठीक होतं. मग तिनं वहीचं पान उलटलं आणि बैलगाड्याच्या शर्यतीवर आली.

अण्णांच्या गोठ्यात एक खिल्लार बैल आहे, दुसरा गेल्या वर्षी गेला. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ला पुन्हा परवानगी दिली, १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. या तिन्ही तारखांची कॅलेंडरची पानं अण्णांनी फाडून ट्रंकेत ठेवली आहेत. मधली साडेसात वर्षं म्हणजे आमच्याकडच्या गाडामालकांची खरीखुरी साडेसाती. कितीकांनी जोड्यांना बाजार दाखवला. बाजारातून बैल पुढं कुठं जातो, ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. अण्णांनी विकले नाहीत. पेंड उधारीवर आणली, पण विकले नाहीत.

नात म्हणाली, "पैलवान स्वतः लंगोट कसतो. बैलानं सही कुठं केली?"

अण्णांनी कायदा सांगितला. डॉक्टरचा दाखला लागतो, चाबूक नाही, शॉक नाही, धाव हजार मीटरच्या आत, छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड नाहीतर तीन वर्षांपर्यंत तुरुंग.

"हे सगळं माणसांनी माणसांना लिहून दिलंय."

"बैलाला कळतं गं. घाट दिसला की कान टवकारतो."

"कान भीतीनंही टवकारतात, अण्णा."

काकूंच्या मते अण्णा इथंच दुखावले. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मी निम्मी नातीच्या बाजूची आहे. शर्यत आहे म्हणून खिल्लार जात टिकली, हे गाडामालकांचं बोलणं खोटं नाही. पण मारणार नाही, एवढी अट घालायला कायद्याची वाट पाहावी लागली, हेही खोटं नाही.

दिवेलागणीला अण्णा स्वतःच कुंपणाशी आले. हातात काही नव्हतं, म्हणजे द्यायला-मागायला आलेले नव्हते.

"बाई, ती बैलाचं बोलली त्याचं काय नाय. ती बरोबरच बोलली आसंल."

"मग?"

"उठताना वही मिटली आन् सहज इचारलं, अण्णा, घड्याळ कोण धरायचं?"

ज्यांनी आमच्याकडचा घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. साताऱ्याकडं गाडे एकमेकांशेजारी पळतात. इथं एक गाडा एकटा सुटतो, गाड्यावर माणूस नाही, पुढं घोडी. त्याची शर्यत घड्याळाशी. खाली गाडा सुटला की कळ दाबायची, वर निशाण पडलं की पुन्हा दाबायची. सगळा मामला दहा-बारा सेकंदांचा, आणि नंबर ठरतो सेकंदाच्या तुकड्यावर. बैल, घोडी, वर्षभराचा खुराक, कर्ज, सगळं एका माणसाच्या अंगठ्याखाली.

बंदीच्या आधी कितीतरी यात्रांत तो अंगठा अण्णांचा होता.

"भावकीतला गाडा व्हता," ते म्हणाले. "निशाण पडायच्या आधी अंगठा पडला."

"मुद्दाम?"

"त्येच तर कळंना, बाई. इतकी वर्सं झाली. डोळं निशाणावर व्हतं, मन गाड्यावर व्हतं. अंगठ्यानं कुणाचं ऐकलं, द्येव जाणं."

त्या तुकड्यानं दुसरा गाडा मागं पडला. तो त्यांच्या सोयऱ्याचा. पुढच्या साली सोयऱ्यानं जोडी विकली. का विकली ते अण्णांनी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही म्हणाले. विजयाचे पेढे मात्र खाल्ले होते, दोन.

मी म्हटलं, नातीला सांगा. तिच्या पेपरात याच्याइतकं खरं काही येणार नाही. सांगतो म्हणाले, रविवारी. रविवारी पाऊस फार होता. सोमवारी पहाटेच्या लोकलनं ती गेली. पेपर बैलाच्या संमतीवर लिहिला, वीसपैकी सोळा मिळाले, काकूंनी साखर वाटली. आता बऱ्याच घाटांवर सेन्सरचं घड्याळ आलंय, अण्णांना कुणी बोलावत नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही.

चैत्रात मावळात यात्रेला आलात तर जरूर घाटावर या. अण्णा वरच्या अंगाला, निशाणापासून जरा लांब उभे असतात. नमस्कार करा, बैलाची चौकशी करा. घड्याळाचा विषय तेवढा काढू नका. मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलंय.