सराईवालीचं गुपित

"अहो वहिनी, कपडे राहू द्या जरा, इकडे या. शनिवारी रात्री आमच्याकडचा आरडाओरडा ऐकलात ना? भांडण नव्हतं हो. त्या सराईवालीवरून चाललं होतं."

"सराईवाली? ही कुठली आणि?"

"खेळातली! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला खेळ. बाकीची पोरं एकेक वीर होतात, आमचे चिरंजीव डंजन मास्टर. म्हणजे उरलेलं अख्खं जग हेच. राजा हेच, राक्षस हेच आणि जेवण वाढणारी बाईसुद्धा हेच! अशा पात्रांना एनपीसी म्हणतात."

"मग ओरडायचं कशाला?"

"ऐका तर. यानं सराईवालीची पानंच्या पानं कुंडली मांडलेली. पणजोबा कुठल्या लढाईत पडले, तेसुद्धा! म्हटलं, अरे, त्या पोरांना खोली हवी, गरम जेवण हवं. पणजोबांना कोण विचारतंय? तिला आज काय हवंय आणि ती काय लपवतेय, तेवढं सांग."

"हे तर आपण रोज इथं उभ्या उभ्या करतो, माई!"

"तेच म्हणतेय मी! वरच्या मजल्यावरचं नवं बिऱ्हाड घ्या. बाई दार अर्धंच उघडते, एवढंच ना आपण पाहिलं? आठवडाभर पुरलं! म्हणून सराईवालीला दोनच सवयी लावल्या. नाणं दातानं चावून बघायचं आणि बोलता बोलता तळघराची कडी चाचपायची. खाली धाकटा भाऊ, सैन्यातून पळून आलेला."

"अगंबाई! आणि लढतेबिढते का ती?"

"छे! यानं तलवारबाजी दिली होती, मी काढायला लावली. पाचव्या आवृत्तीत साध्या माणसाचे सहाही गुण दहा-दहा, जीव चार. पुरे की! लढायला वीर आहेत ना? खलनायकाचंही तेच. १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोनं 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार आणला. त्याला एक बाई हवी असते आणि ती काही मिळत नाही. म्हणून तर अजून खेळतात लोक. नुसते सुळे काय, कुणालाही चिकटवता येतात."

"पण शनिवारचं राहिलंच की!"

"हां! यानं खपून एक म्हातारा जादूगार केला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघेना. सगळे त्या कडीच्या मागे! एकानं गोड बोलून आत शिरायचं ठरवलं, वीस बाजूंचा फासा टाकला आणि पडला एक. बाईनं हाकललं सगळ्यांना बाहेर, पावसात! तोच तो गोंधळ."

"मग आता पुढं?"

"पुढच्या शनिवारी बघू. तुमच्या धाकट्यालाही पाठवा, एक वीर कमीच पडतोय. फक्त त्या तळघरातल्या भावाचं त्याच्यापुढं बोलू नका हं, वहिनी."