जुळणीचे शास्त्र

पालघर-बोईसर पट्ट्यातील हळदी-वरातींनी घरी जोडलेल्या ॲम्प्लिफायरांच्या तुलनेची जी कसोटी रूढ केली आहे, ती प्रयोगशाळांनीही गिरवावी अशी आहे : ज्याच्या आवाजाने शेजारची तावदाने आधी थरथरतात, तो श्रेष्ठ. ८ ओहमचे (ओहम म्हणजे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे एकक) चार स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमवर उतरतो आणि ट्रान्झिस्टर जळू लागतात, हा क्षुल्लक आक्षेप हीटसिंकवर टेबलफॅन रोखून निकालात काढला जातो. शक्ती दुप्पट केली तरी आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो, तेव्हा ती हजारपट करणे ओघानेच आले. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९पासून दुसऱ्या कशासाठी चालू आहे? ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती बहुधा प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र असावी.